गोदामाची पावती, बँकेची नवी वही आणि आपली उधारी

मेहकर तालुक्यातील जानेफळ आणि भोवतालच्या खेड्यांमधील व्यापार शेतीच्या पैशावर चालतो, हे कोणाला सांगायला नको. सोयाबीन आणि तूर घरात आली की शिंप्याची शिलाई मिळते, लोहाराची आणि वेल्डिंगवाल्याची मागची बाकी फिटते, किराणा दुकानदाराच्या उधारीच्या वहीतील काही पाने फाडली जातात. पीक आले पण विकले गेले नाही, तर हीच बाकी पुढच्या हंगामावर जाते. म्हणून शेतकऱ्याचा माल कोठे पडून आहे आणि त्यावर त्याला पैसे केव्हा मिळतात, हा प्रश्न जितका शेतकऱ्याचा आहे तितकाच आपल्या छोट्या व्यापाऱ्यांचा आणि कारागिरांचाही आहे. बँकांनी अलीकडे स्वीकारलेल्या 'ब्लॉकचेन' नावाच्या तंत्राचा विचार आपल्याला याच बाजूने करायचा आहे. मुंबई आणि दुबईच्या बातम्या आपण वाचतो आणि पान उलटतो, परंतु या बातमीचा एक धागा थेट सोयाबीनच्या पोत्यापर्यंत येऊन पोहोचला आहे.

प्रथम हे तंत्र म्हणजे काय ते पाहू. नाव इंग्रजी असले तरी कल्पना आपल्या ओळखीची आहे. समजा, अडत्याकडे एक खतावणी आहे, तशीच एक बँकेकडे आहे आणि तशीच एक गोदामवाल्याकडे आहे. एकाने नोंद केली की ती त्याच क्षणी तिन्ही वह्यांत उतरते. प्रत्येक पानाच्या डोक्यावर मागील पानाची एक गणिती खूण असते. कोणी मागे जाऊन आकडा खोडला तर पुढील सर्व पानांच्या खुणा बिघडतात आणि बाकीच्या दोघांना ते लगेच दिसते. पानाला पान साखळीने जोडलेले, म्हणून हे नाव. यात जादू नाही. सर्वांनी मिळून ठेवलेली, मागाहून बदलता न येणारी वही, इतकाच त्याचा अर्थ आहे.

आपल्या व्यापाराला अशा कागदी विश्वासाची जुनी सवय आहे. खामगावच्या कापूस बाजाराची कीर्ती एके काळी विलायतेपर्यंत होती, १८७० साली जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा गेला तो कापसासाठीच. देशभरच्या बाजारांत तेव्हा व्यवहार हुंडीवर चालत. दर्शनी हुंडी दाखवताच पैसे मिळत, मुदतीची हुंडी मुदत भरल्यावर वटे, आणि शाहजोग हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या माणसालाच दिले जात. हुंडीवाल्याचे सर्व भांडवल एकच होते, एक कागद दोनदा वटणार नाही याची खात्री. बँकांना आज ब्लॉकचेनमधून जे हवे आहे, ते नेमके हेच आहे.

शिखर बँक आणि वखार महामंडळ

महाराष्ट्र राज्य सहकारी बँक ही राज्यातील सहकाराची शिखर बँक. सर विठ्ठलदास ठाकरसी आणि लल्लूभाई सामळदास यांच्या पुढाकाराने १९११ साली मुंबईत ती स्थापन झाली. साखर कारखाने आणि जिल्हा बँका यांना पतपुरवठा करणारी ही बँक नव्या गोष्टींच्या मागे धावणारी म्हणून कधीच ओळखली गेली नाही. २०११ साली तर रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने तिचे संचालक मंडळ बरखास्त होऊन प्रशासक आले. अशा जुन्या बँकेने २०२० सालच्या सुमारास महाराष्ट्र राज्य वखार महामंडळ आणि 'व्हर्ल' ही तंत्रज्ञान कंपनी यांच्या साथीने शेतमाल तारण कर्जासाठी ब्लॉकचेनचा वापर सुरू केला, ही गोष्ट म्हणूनच लक्षात घेण्यासारखी आहे.

वखार महामंडळ १९५७ सालचे. त्याच्या गोदामात माल ठेवला की वजन आणि प्रत पाहून पावती मिळते, आणि शेतकऱ्याला भाड्यात निम्मी सवलत असते. ही पावती बँकेत तारण ठेवून कर्ज घेण्याची सोय फार जुनी आहे. अडचण होती ती कागदाची. शेतकऱ्याने पावती घेऊन शाखेत जायचे, बँकेने गोदामाकडे विचारणा करायची, गोदामाने बोजा चढवल्याचे पत्र द्यायचे, ते पत्र पुन्हा बँकेत न्यायचे. यात दिवस जात. पाच-सात हेलपाट्यांनंतर माणूस कंटाळून मिळेल त्या भावाला माल विकून मोकळा होई. बँकेलाही भीती असे. पावती खरी आहे की नकली? हीच पावती दुसऱ्या बँकेत तारण ठेवलेली नाही ना? या भीतीपोटी बँका छोट्या माणसाला टाळत, कारण वीस क्विंटलच्या पावतीची चौकशी करायला जितका खर्च येतो तितकाच दोन हजार क्विंटलच्या पावतीला येतो.

नव्या पद्धतीत गोदामात पावती तयार होताच ती सामाईक वहीत नोंदली जाते आणि बँकेला तत्काळ दिसते. शेतकरी गोदामातूनच अर्ज करतो. बँक मंजुरी देते त्याच वेळी पावतीवर बोजा चढतो आणि ती दुसरीकडे कोठेही तारण ठेवता येत नाही. पैसे खात्यात जमा होतात. कर्ज फेडले की बोजा उतरतो व माल मोकळा होतो. योजना सुरू झाली तेव्हा मालाच्या किमतीच्या ७० टक्क्यांपर्यंत कर्ज आणि ९ टक्के व्याज अशी तिची अट होती.

हिशेब करून पाहू. एखाद्याकडे २० क्विंटल सोयाबीन आहे आणि बाजारात ४,००० रुपये भाव आहे असे धरले, तर मालाची किंमत ८० हजार रुपये होते. त्यावर ७० टक्के म्हणजे ५६ हजार रुपये हातात येतात. चार महिन्यांचे ९ टक्क्यांनी व्याज १,६८० रुपये, म्हणजे क्विंटलमागे ८४ रुपये. त्यात गोदामाचे भाडे, हमाली आणि गाडीभाडे मिळवा. भाव क्विंटलला यापेक्षा अधिक वाढला तर फायदा, नाही वाढला तर तोटा. येथे उगाच आशा दाखवण्यात अर्थ नाही. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि खुल्या बाजारात माल त्याच्या खाली विकला जात होता. थांबून राहिलेल्या पुष्कळांच्या पदरी निराशाच आली. बँकेने वही बदलल्याने बाजारभाव वाढत नाही.

पण आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते दुसरेच. शेतकरी भावाची वाट पाहत थांबला की पूर्वी त्याच्याबरोबर शिंपी, लोहार आणि किराणावालाही थांबत असे. आता माल गोदामात असताना ५६ हजार रुपये त्याच्या हातात आले, तर निदान उधारीचा काही भाग दिवाळीच्या आसपासच फिटू शकतो. भाव वाढेल की नाही याचा जुगार शेतकऱ्याचा राहतो, त्यासाठी कारागिराला चार महिने बिनव्याजी सावकारी करावी लागत नाही. उधारी देणाऱ्याने आपल्या गिऱ्हाइकाला या सोयीची माहिती द्यावी, यात दोघांचेही भले आहे.

पाच क्विंटलवाल्याला मात्र यात फारसे काही नाही. त्याचा गाडीभाड्यातच नफा जातो. खेडा खरेदी करणाऱ्या आपल्या व्यापाऱ्याचे स्थान म्हणूनच इतक्यात संपत नाही. पाच-दहा जणांनी मिळून किंवा शेतकरी उत्पादक कंपनीमार्फत माल एकत्र ठेवला तर गोष्ट निराळी.

वही खरी, पण पोते?

या तंत्राचे गोडवे गाणारे एक गोष्ट सांगायची विसरतात. वही मागाहून बदलता येत नाही, हे ठीक. परंतु पहिलीच नोंद खोटी असली तर ती खोटी नोंदही तितकीच पक्की होऊन बसते. ओलावा १४ टक्के असताना १० लिहिला, किंवा शंभर पोत्यांच्या जागी ऐंशीच आत गेली, तर ते संगणकाला कळत नाही. ते पाहायला मापाडी इमानदार लागतो आणि गोदामाचा ताबा असणारा माणूस जबाबदार लागतो.

मुंबईच्या नॅशनल स्पॉट एक्स्चेंजचे प्रकरण व्यापारी वर्गाच्या स्मरणात असेल. २०१३ सालच्या जुलैअखेर तेथील व्यवहार बंद पडले आणि सुमारे १३ हजार गुंतवणूकदारांचे ५,६०० कोटी रुपये अडकले. पावत्या होत्या, संगणक होते, गोदामांची नावे होती. तपासणीत अनेक गोदामांत कागदावरचा मालच आढळला नाही. तेव्हा ब्लॉकचेन असते तर एकच पावती दोनदा गहाण पडली नसती इतकेच, रिकामे गोदाम भरले नसते.

यासाठी कायद्याची बाजू पाहणे आवश्यक आहे. २००७ च्या वखार कायद्याखाली नोंदलेल्या गोदामांची परक्राम्य पावती, म्हणजे हस्तांतर करता येणारी पावती, २०१७ पासून इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मिळू लागली. नियामक प्राधिकरण गोदामांची तपासणी करते. केंद्र सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये अशा पावत्यांवरील कर्जासाठी १,००० कोटी रुपयांची पतहमी योजना सुरू केली, त्यात शेतकऱ्यांबरोबर लघुउद्योग आणि व्यापारी यांनाही जागा आहे. म्हणजे आपला धान्याचा व्यापारीही या वाटेने जाऊ शकतो. मात्र त्याने एक ध्यानात ठेवावे की गोदामातील त्याचा साठा आता सर्वांना दिसतो. जून २०२३ मध्ये सरकारने तूर आणि उडदावर साठा मर्यादा घातली होती. तशी वेळ पुन्हा आली, तर 'माल माझा नाही' म्हणायची सोय राहणार नाही.

आपल्या वाचकांपैकी अनेकांना व्याजाचा व्यवहारच नको असतो. त्यांच्यासाठी इतके सांगता येईल की पावती तारण ठेवण्याची सक्ती नाही. माल ठेवावा, भाडे भरावे आणि योग्य भाव आला की विकावा. हस्तांतर करता येणारी पावती असेल तर गोदामातून माल न हलवताही मालकी बदलता येते. ताबा न घेता पुन्हा विकणे कितपत दुरुस्त, हा प्रश्न उलेमांना विचारावा, तो या पानाचा विषय नाही.

स्टेट बँकेचा डिजिटल रुपया

दुसरी हकिगत देशातील सर्वांत मोठ्या बँकेची. स्टेट बँकेचे मूळ १८०६ सालच्या बँक ऑफ कलकत्तापर्यंत जाते. या बँकांत संगणक यावा की नाही यावरच आपल्याकडे किती वर्षे वाद चालला होता! रंगराजन समितीने १९८४ साली शिफारशी केल्या, संघटनांनी विरोध केला, आणि टेबलावरची जाडजूड लेजरे जायला पुढे बराच काळ लागला. त्या मानाने ब्लॉकचेनचा प्रवास झपाट्याचा म्हणावा लागेल.

याची सुरुवात परदेशी व्यवहारांपासून झाली. ऑक्टोबर २०१६ मध्ये आयसीआयसीआय बँक आणि दुबईची एमिरेट्स एनबीडी यांनी जो प्रायोगिक व्यवहार केला, तो भंगारवाल्या बांधवांना रंजक वाटेल. दुबईच्या पुरवठादाराकडून मुंबईच्या एका पेढीने मागवलेल्या पोलादी भंगाराच्या आयातीचे कागद या सामाईक वहीवर चढवले गेले. फेब्रुवारी २०२१ मध्ये स्टेट बँक जे. पी. मॉर्गन या अमेरिकन बँकेच्या अशाच जाळ्यात सामील झाली. परदेशातून पाठवलेले पैसे मध्येच अडकले तर चौकशीला जे दिवस लागतात ते तासांवर यावेत, हा त्यामागील हेतू होता. ज्या घरांतील मुले आखातात आहेत त्यांना या चौकशीची किंमत विचारावी. त्याच वर्षी १५ बँकांनी मिळून पतपत्रांसाठी, म्हणजे लेटर ऑफ क्रेडिटसाठी, एक सामाईक कंपनी काढली.

सर्वसामान्यांच्या जवळ आला तो रिझर्व्ह बँकेचा डिजिटल रुपया. १ नोव्हेंबर २०२२ रोजी बँकांच्या आपसांतील व्यवहारांसाठी आणि १ डिसेंबर २०२२ रोजी मुंबई, नवी दिल्ली, बंगळूर व भुवनेश्वर येथे किरकोळ व्यवहारांसाठी त्याचा प्रयोग सुरू झाला. पहिल्या चार बँकांत स्टेट बँक होती. या रुपयाच्या रचनेत ब्लॉकचेनचे घटक वापरले आहेत असे सरकारने लोकसभेत सांगितले आहे. पुढे २०२३ साली नेहमीच्या यूपीआयच्या चौकोनावरही तो चालू लागला, त्यामुळे दुकानदाराला वेगळा कागद चिकटवण्याची गरज उरली नाही.

मग फोनवरून पैसे घेतोच आहोत, यात नवीन काय, असे कोणीही विचारील. फरक सूक्ष्म आहे, पण बुलढाणा जिल्ह्याच्या माणसाला तो चटकन कळावा. फोनवरून आलेले नेहमीचे पैसे तुमच्या बँक खात्यात असतात, म्हणजे ते बँकेने तुम्हाला द्यायचे असतात. बँक अडचणीत आली की ते अडकतात. गेल्या दशकात आपल्या जिल्हा बँकेचे व्यवहार ठप्प झाले तेव्हा स्वतःच्याच पैशासाठी लोकांना कसे ताटकळावे लागले, ते जिल्ह्यात सर्वांना ठाऊक आहे. डिजिटल रुपया हा खिशातील नोटेसारखा आहे. तो रिझर्व्ह बँकेने द्यायचा असतो, मधल्या बँकेने नव्हे. नोटेप्रमाणेच त्यावर व्याज मिळत नाही, आणि व्याज टाळणाऱ्यांना तीच गोष्ट सोयीची वाटेल.

तरीही हा रुपया अजून बाळसे धरतो आहे असेच म्हणावे लागेल. मार्च २०२५ अखेर चलनात १,०१६ कोटी रुपयांचा डिजिटल रुपया होता. त्याच सुमारास कागदी नोटा ३६ लाख कोटींहून अधिक होत्या. म्हणजे दहा हजार रुपयांमागे तीन रुपये सुद्धा नाहीत. यूपीआय फुकट आणि सोपे असताना लोक दुसरे पाकीट का उघडतील, याचे पटेल असे उत्तर बँकांकडून अजून आलेले नाही.

बँकांना यात खरा रस आहे तो 'अट घातलेल्या' रुपयात. खतासाठी दिलेले कर्ज खताच्या दुकानातच खर्च होईल, अशी अट त्या रुपयातच घालता येते. स्टेट बँकेने ओडिशा आणि आंध्र प्रदेशात कुळाने शेती करणाऱ्यांसाठी असा प्रयोग केला, कारण त्यांच्याकडे गहाण ठेवायला सातबारा नसतो. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातही इंडसइंड बँकेने शेतकऱ्यांबाबत अशा रुपयाचा प्रयोग केला आहे. कल्पना चांगली आहे. पण खताच्या दुकानदाराच्या चश्म्यातून पाहिले तर तो आनंदी होईल आणि शिंपी चिंतेत पडेल. कर्जाच्या पैशातून आज जी उधारी फिटते, ती अट घातलेल्या पैशातून फिटणार नाही. उद्या हा प्रकार सर्व पीककर्जांना लागू झाला, तर गावातील कारागिराचे गणित बदलेल. याची चर्चा आजच व्हायला हवी, पण ती कोणी करीत नाही.

नावात फसू नका

ब्लॉकचेन हे नाव ऐकताच बिटकॉइन आठवते आणि येथेच गल्लत होते. बिटकॉइनसारखी नाणी कोणत्याही सरकारची नाहीत. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना त्यांच्यापासून दूर राहण्यास सांगितले, सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी तो आदेश रद्द केला, आणि २०२२ च्या अर्थसंकल्पाने त्यांच्या नफ्यावर ३० टक्के कर लावला. एका व्यवहारातील तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. कर लावला म्हणजे मान्यता दिली असे नव्हे, ही गोष्ट अर्थमंत्र्यांनीही तेव्हा स्पष्ट केली होती.

महाराष्ट्राला याची झळ बसलेली आहे. 'गेनबिटकॉइन' नावाच्या योजनेत दरमहा १० टक्के परतावा १८ महिने मिळेल असे सांगून लोकांकडून नाणी गोळा केली गेली. पुणे आणि नांदेड येथे तक्रारी झाल्या आणि २०१८ साली सूत्रधार अमित भारद्वाज याला पुणे पोलिसांनी पकडले. यात तंत्राचा दोष नव्हता, जुनीच साखळी योजना नव्या नावाने आली होती. आपल्या समाजाने तर नाव बदलून आलेली फसवणूक निराळ्या रूपातही पाहिली आहे. 'हलाल नफा' म्हणून बंगळूरच्या आय. एम. ए. कंपनीत हजारो मुस्लिम कुटुंबांनी पैसे ठेवले आणि जून २०१९ मध्ये तिचा मालक देश सोडून पळाला. पुढच्या महिन्यात तो परत येऊन अटकेत गेला, ठेवीदारांचे पैसे मात्र तितक्या लवकर परत आले नाहीत. उद्या कोणी 'इस्लामी नाणे' किंवा 'स्टेट बँकेचे बिटकॉइन' घेऊन मोहल्ल्यात आला, तर त्याला दोनच प्रश्न विचारावेत. हा पैसा द्यायची जबाबदारी कोणाची? आणि दरमहा नफा कोणत्या धंद्यातून येतो? स्टेट बँकेचे स्वतःचे नाणे नाही. ती देते तो रिझर्व्ह बँकेचा रुपया, आणि तो एक रुपयाचा एकच राहतो.

ज्यांना येत्या हंगामात पावतीवर कर्ज घ्यायचे आहे त्यांनी गाडी भरण्यापूर्वी वखार महामंडळाच्या जवळच्या केंद्रावर जाऊन जागा आहे का, तेथे बँकेची ऑनलाइन तारण सोय चालू आहे का आणि त्या दिवसाचा व्याजदर काय आहे, हे विचारून घ्यावे. आधार, पॅन, सातबारा आणि बँकेचे पासबुक बरोबर असावे. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या व्यापाऱ्याने भाड्यातील सवलत गृहीत धरू नये. माल वाळवून न्यावा, वजन आणि ओलावा आपल्यासमोर लिहून घ्यावा, आणि पावतीवरचा आकडा पाहिल्याखेरीज गोदामाचे दार सोडू नये.